चैताली संजय जोगदंड, वय तेवीस

सरूबाई ओव्हाळ बीडच्या लॅबमध्ये कामाला लागली तेव्हा तिचं वय एकोणचाळीस होतं. तिच्याबरोबर त्याच दिवशी कामावर आलेल्या दोन पोरी विशीच्या आतबाहेरच्या होत्या. त्यातल्या एकीला महिनाभरात पुण्याला काम लागलं. दुसरीला रक्ताच्या वासानं मळमळायचं, म्हणून तिनं येणंच सोडलं. सरूबाई टिकली. एकोणीस हंगाम ऊस तोडलेल्या बाईला पंख्याखाली उभं राहून करायचं काम हे काम वाटतच नव्हतं.

ऊस तिनं आपण होऊन सोडला नव्हता. तीन वर्षांपूर्वी ट्रकला लावलेल्या फळीवरून मोळीसकट तिचा पाय घसरला आणि मणका दुखावला. यापुढं डोक्यावर ओझं घ्यायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं. उसाला नवरा-बायकोची जोडी लागते. एक गळालं की बहुतेक दुसऱ्याचंही थांबतं. जालिंदर, म्हणजे तिचा नवरा, बीडला एका जिनिंगवर रखवालदार झाला आणि दोघं बार्शी नाक्याच्या अलीकडं एका खोलीत राहायला आली. लग्नाआधी सरूबाई दहावी पास झाली होती. तो कागद बावीस वर्षं पेटीच्या तळाशी पडून होता. लॅबवाल्यांनी तेवढाच मागितला.

काम असं होतं. जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांतून रक्ता-लघवीचे नमुने थंड डब्यांतून रोज लॅबमध्ये यायचे. डबा आला की आतला बर्फ शाबूत आहे का बघायचं. एकेक ट्यूब उचलून तिच्यावरचं नाव आणि सोबतच्या फॉर्मवरचं नाव जुळवायचं. रक्त पुरेसं आहे का, सांडलंय का, गोठलंय का बघायचं. सगळं ठीक असलं तर बारकोडची पट्टी चिकटवून ट्यूब स्टँडला लावायची, नसलं तर बाजूला काढून दवाखान्यात फोन करायचा. तपासण्या आतल्या खोलीत, मशीनवर. सरूबाईचं टेबल दाराशी.

पहिल्या दिवशी लॅबचे इनचार्ज अभिमन्यू सर तिला म्हणाले होते, "मावशी, लोक ह्या कामाला हलकं म्हणतील. पण इथं नावाची गफलत झाली, तर आतलं मशीन कितीही भारी असू द्या, रिपोर्ट भलत्याच माणसाचा निघतो. आणि दुसरं. ट्यूबवर कुणाचंही नाव दिसलं, अगदी तुमच्या शेजारणीचं दिसलं, तरी ते ह्या टेबलावरच ठेवायचं. घरी न्यायचं नाही."

"न्हाई नेत, सर," सरूबाई म्हणाली होती. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

ऑगस्टातली गोष्ट. केज-धारूरकडचा डबा हनुमान ड्रायव्हर आणायचा. मांजरसुंब्याला थांबून चहा घेतल्याशिवाय तो पुढं सरकायचा नाही, त्यामुळं त्याची गाडी यायला दीड वाजायचाच. त्या दिवशी डब्यात एकवीस ट्यूबा होत्या. सरूबाईनं चौदा लावल्या. पंधरावी उचलली, फॉर्म ओढला आणि सवयीनं ओठांतल्या ओठांत वाचलं.

चैताली संजय जोगदंड. वय तेवीस. चिंचवाडी. गरोदर, पाचवा महिना.

तिनं पुन्हा वाचलं. तिच्या लेकीचं नाव चैताली. जावई संजय, आडनाव जोगदंड, गाव धारूरच्या डोंगरातलं चिंचवाडी. पण तिच्या चैतालीला आत्ता कुठं एकविसावं सरलं होतं. सरूबाईला क्षणभर वाटलं, दुसरीच कुणीतरी असेल, एका गावात एका नावाच्या दोघी असतात. मग तिच्या लक्षात आलं. ही दोन वर्षं तिनंच चढवलेली होती. पाच वर्षांपूर्वी, लग्न लावताना, सोळाचे अठरा तिनंच लिहून घेतले होते, आणि ते तसेच चैतालीच्या मागं मागं प्रत्येक कागदावर चालत आले होते.

फॉर्मवर खाली आणखी दोन ओळी होत्या. कितवी खेप: दुसरी. हयात मुले: नाही.

सरूबाई त्या ओळींकडं बघत उभी राहिली. दुसरी खेप, आणि हयात कुणी नाही. म्हणजे मधे एक होऊन गेलं होतं, आणि आईला पत्ता नव्हता.

"मावशी, झालं का?" आतून आवाज आला.

"झालं, झालं." तिनं ट्यूबवर पट्टी चिकटवली. स्टँडमध्ये ठेवण्याआधी ती ट्यूब तिनं हातमोज्याच्या मुठीत थोडा वेळ धरली. डब्यातल्या बर्फानं काच गार पडली होती.

चैतालीचं लग्न ऑक्टोबरात झालं होतं, हंगामाला निघण्याच्या दहा दिवस आधी. त्या पावसाळ्यात सरूबाईचा सासरा हरिबा वारला होता. तोवर ऊसतोडीला जाताना लेकीला त्याच्यापाशी ठेवून जाता यायचं. हंगामी वसतिगृह होतं, पण ते आठवीपर्यंतच, आणि चैताली दहावीत गेली होती. मग तिला बरोबर न्यायचं का? फडाजवळच्या कोपीला दार नसतं; पाचटाच्या भिंती आणि पुढं एक पोतं टांगलेलं. सोळा वर्षांची पोर अशा ठिकाणी सहा महिने. सरूबाईनं स्वतः त्या कोप्यांमध्ये काय काय बघितलं होतं ते तिनं जालिंदरलाही कधी सांगितलं नव्हतं. जालिंदर म्हणत होता, एक साल थांबू, तिची दहावी होऊ दे, मी एकटा जातो, जोडीला कुणीतरी बघतो. सरूबाई म्हणाली, न्हाई. स्थळ तिनं शोधलं, तारीख तिनं धरली, वय तिनं सांगितलं.

त्याच चैतालीनं लग्नाच्या दोन वर्षं आधी चौदा एप्रिलला विहारासमोर मांडवात उभं राहून शिक्षणावर भाषण केलं होतं. पांढरा ड्रेस, निळी ओढणी, हातात कागद नाही. सगळी वस्ती टाळ्या वाजवत होती आणि सरूबाईला कुठं बघावं कळेनासं झालं होतं. त्याच विहारात त्रिशरण-पंचशील म्हणून लग्न लागलं. जीपमध्ये बसताना चैताली रडली नाही. आईजवळ येऊन हळूच म्हणाली, "आता मोकळी झालीस, माय."

त्यानंतर ती माहेरी आली नाही. पहिल्या वर्षी हंगामावरून परतल्यावर जालिंदर आणायला गेला, तर घरात कुणी नव्हतं; ती दोघंही ऊस तोडायला गेलेली, अजून आलीच नव्हती. ज्या फडापासून वाचवायला म्हणून दिली, तिथंच ती गेली. दुसऱ्या वर्षी तिनं नंबर बदलला. संजयच्या नंबरावर फोन लावला की तो म्हणायचा, "ती बोलत न्हाई म्हनती, मामी. मी काय करू?" बिचारा ओशाळून बोलायचा. मग सरूबाईनंही लावायचं सोडलं.

त्या संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा जालिंदर भाकरीची वाट बघत बसला होता. तिनं पीठ मळायला घेतलं. सांगावं, असं तिच्या दहा वेळा ओठांवर आलं. टेबलावरचं नाव घरी न्यायचं नाही हे तर होतंच. पण खरं म्हणजे तिला भीती वाटत होती. जालिंदर ऐकताक्षणी उठून चिंचवाडीला गेला असता, आणि चैतालीनं विचारलं असतं, तुम्हाला कसं कळलं?

"आज गप कावून?" जालिंदरनं विचारलं.

"कंबर दुखती," ती म्हणाली.

मग तिला त्या डब्याची वाट बघायची सवय लागली. गरोदर बायांचं रक्त महिन्या-दीड महिन्यानं तपासतात, हे तिला आता पाठ झालं होतं. मधल्या दिवसांत नाव नसणार हे ठाऊक असूनही ती धारूरकडचा डबा स्वतःच घ्यायची, दुसऱ्या कुणाला उघडू द्यायची नाही. हनुमान एकदा म्हणाला, "मावशी, माझ्या डब्यावर तुमचा लई जीव हाय." ती हसली नाही, तेव्हा तोच कानकोंडा झाला.

सप्टेंबरच्या शेवटी दुसरी ट्यूब आली. फॉर्मवर नर्सनं लिहिलं होतं: मागील हिमोग्लोबिन आठ पॉइंट दोन. आठ म्हणजे कमी, हे सरूबाईला कळत होतं. चैताली लहानपणापासून पालेभाजीला नाक मुरडायची. तिला एकच गोष्ट आवडायची, शेंगदाण्याचा गूळ घालून केलेला लाडू. रविवारी सरूबाईनं शेंगदाणे भाजले, कुटले, गूळ चिरला आणि डबाभर लाडू वळले. सोमवारी ते घेऊन ती कामावर आली. हनुमानची रिकामी गाडी सकाळी नऊला धारूरकडं निघते. ती दारात उभी राहिली, डबा पदराआड धरून. हनुमाननं गाडीत थंड डबे चढवले, काच पुसली, तंबाखू मळली. त्याला फक्त म्हणायचं होतं, एवढं चिंचवाडीच्या दवाखान्यात दे. मग नर्स विचारणार, कुणाला? आणि कुणी दिलं?

गाडी गेली. दुपारी तिनं लाडू लॅबमध्ये सगळ्यांना वाटले. अभिमन्यू सरांनी दोन खाल्ले आणि विचारलं, "काय विशेष, मावशी?"

"काय न्हाई. असंच केले."

दिवाळी झाली. ट्रक भरभरून माणसं उसाला गेली, गावं रिकामी झाली, डब्यातल्या ट्यूबाही कमी झाल्या. नोव्हेंबरच्या मध्याला आठ ट्यूबांच्या डब्यात चैतालीची निघाली. आठवा महिना. सरूबाईनं ती उजेडासमोर धरली, हळूच आडवी केली. रक्त वाहिलं नाही. जांभळ्या झाकणाच्या त्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. रक्त घेतल्यावर ती लगेच हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटसुलट करावी लागते. घाईत कुणीतरी ती तशीच डब्यात टाकली असणार. तळाशी काळपट गाठ बसली होती. ह्या रक्तावर हिमोग्लोबिन निघणार नव्हतं.

तिनं दवाखान्याच्या नर्सला फोन लावला. बंद. तासाभरानं लावला, बंदच. ती अभिमन्यू सरांकडं गेली.

"आठवा महिना हाय, सर. मागचं साडेसात होतं."

"मग थांबून चालणार नाही. फॉर्मवर पेशंटचा नंबर असेल, तिलाच सांगा. उद्या सकाळी परत रक्त द्या म्हणावं."

सरूबाई टेबलाशी परत आली. नंबर फॉर्मवर तीन महिने होताच. दहा आकडे. तिनं ते कधी पाठ केले नव्हते, पाठ होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर बोट ठेवून ती बाकीचं वाचायची. तिनं लॅबचा फोन उचलला, आकडे दाबले. पलीकडं घंटी वाजू लागली तेव्हा तिनं दुसऱ्या हातानं टेबलाची कड धरली.

"हॅलो?"

पाच वर्षांनी तो आवाज ती ऐकत होती. थोडा घोगरा झाला होता. बाकी तोच.

"बीडच्या लॅबमधनं बोलतेय," सरूबाई म्हणाली. रोज दहा ठिकाणी म्हणायची तेच वाक्य. "चैताली संजय जोगदंड तुमीच का?"

"व्हय."

"तुमचं आज सकाळचं रक्त गोठलं. तपासता यायचं न्हाई. उद्या सकाळी दवाखान्यात जाऊन परत द्यावं लागंल. काही काळजीचं न्हाई, नमुना तेवढा..." तिनं खाकरलं. "नमुना तेवढा खराब झालाय."

पलीकडं लांब कुठंतरी कोंबडं ओरडलं.

"कोण बोलतंय?" चैतालीनं विचारलं.

"नमुने घेते मी इथं."

"नाव काय?"

सरूबाईला दुसरं कुठलंही नाव सांगता आलं असतं. "सरूबाई ओव्हाळ," ती म्हणाली.

फोन ठेवला असं वाटून तिनं हॅलो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात चैताली बोलली.

"तुला कदीपासून माहीत हाय?"

"पाचव्या महिन्यापासून."

"आन फोन केला न्हाईस."

"नंबर लॅबला दिलेला होता. मला न्हवता दिला तू."

"मग आज कसा केलास?"

"आज रक्त गोठलं, म्हनून."

चैतालीचा श्वास ऐकू येत होता. आठव्या महिन्यातल्या बाईला लागते तशी धाप. सरूबाईला विचारायचं होतं, पाय सुजलेत का, डोळ्यापुढं अंधारी येती का, जवळ कोण आहे. तिनं एकही विचारलं नाही.

"देते उद्या," चैताली म्हणाली आणि फोन ठेवला.

सरूबाईनं रजिस्टरात नोंद केली: पेशंटला कळवले. मग ती अभिमन्यू सरांपाशी गेली आणि म्हणाली, "सर, ती माझी लेक हाय. पाच वर्षं बोलत न्हाई माझ्याशी."

सर खुर्चीत मागं टेकले. "आधी सांगितलं असतं तर मी लावला असता ना फोन."

"म्हनूनच न्हाई सांगितलं," सरूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ट्यूब आली, व्यवस्थित, पातळ. रिपोर्ट बघायला तिनं मागितला नाही. पण संध्याकाळी सर स्वतः दवाखान्याच्या डॉक्टरशी फोनवर बोलताना तिनं ऐकलं: सहा पॉइंट चार, आजच बीडला पाठवा, रक्त चढवावं लागेल. बोलून झाल्यावर त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि मान फिरवली.

ती दोन दिवस वाट बघत राहिली. सरकारी दवाखाना लॅबपासून चालत पंधरा मिनिटांवर. रोज दुपारी ती फाटकापर्यंत जायची आणि परत यायची. बोलावल्याशिवाय आत जायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. एकदा न विचारता लेकीचं ठरवून बसली होती ती, पुन्हा नाही.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता लॅबचा फोन वाजला. सरांनी उचलला आणि हात वर करून तिला बोलावलं.

"मी वॉर्डात हाय," चैताली म्हणाली. "संजय उसाला गेलाय, कर्नाटकात. सासू हाय सोबत, पर तिला इथलं काही उमगंना. रक्तपेढीतनं पिशवी आणायला कुणीतरी पायजे म्हनतेत." मग थांबून, "तुला जमंल का?"

सरूबाई अंगावरचा पांढरा कोट न काढताच निघाली.

चैताली वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या खाटेवर कुशीवर होती. सरूबाईनं पाच वर्षं जो चेहरा मनात धरला होता तो गालांनी भरलेला होता. हा नव्हता. गळ्याची हाडं वर आलेली, पाय मात्र सुजून गुळगुळीत झालेले. पायथ्याशी तिची सासू केसरबाई बसली होती, डोक्यावरून पदर घेतलेली साधी बाई. "या ताई," ती म्हणाली, "लई बरं झालं आलात. मला हितं जिना बी घावंना." चैतालीनं रक्तपेढीची चिठ्ठी पुढं केली. सरूबाई ती घेऊन गेली.

रक्ताची पिशवी तिच्या हाती आली तेव्हा ती गार होती. वॉर्डात आल्यावर नर्सनं पिशवी बघितली आणि स्टँडला लावायला घेतली.

"थांबा, सिस्टर," सरूबाई म्हणाली. "नाव आणि नंबर जुळवू आदी."

"जुळवलंय रक्तपेढीनं, मावशी."

"आपुन परत बघू. मी वाचते, तुमी केसपेपर बघा." तिच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, नर्सनं केसपेपर उघडला. सरूबाईनं पिशवीवरचं सगळं मोठ्यानं वाचलं. चैताली संजय जोगदंड. बी पॉझिटिव्ह. पिशवीचा नंबर, एकेक आकडा सुटा करून. शेवटची तारीख. नर्स प्रत्येकाला हं म्हणत गेली. चैताली उशीवरून ऐकत होती.

थेंब सुरू झाले. केसरबाई भाकर खायला खाली गेली.

"हे कदी शिकलीस?" चैतालीनं विचारलं.

"उन्हाळ्यात. एप्रिलला लागले कामाला. मणका गेला माझा, ऊस सुटला."

"माहीत हाय. संजयनं सांगितलं व्हतं." ती वरच्या पिशवीकडं बघत होती. "पैलं लग्नाच्या दुसऱ्या सालीच, सातव्या महिन्यात गेलं. फडावरच. दवाखान्यात नेईस्तोवर काही उरलं न्हाई. मी तुझ्या नावानं हाका मारत व्हते म्हने. मला आठवत न्हाई. संजय सांगतो."

सरूबाईनं खाटेची लोखंडी पट्टी धरली. ती तेव्हा कुठं होती? आकडेमोड करायची गरज नव्हती. ती दुसऱ्या कुठल्यातरी फडावर मोळी बांधत होती.

"त्या वक्ताला बाबा थांबू म्हनत व्हते," चैताली म्हणाली. "मी आतनं ऐकलं सगळं. तू न्हाई म्हनलीस."

"व्हय. मीच न्हाई म्हनले."

"कावून?"

"भ्याले."

"मी बी भ्याले व्हते," चैताली म्हणाली. "मला कुनी इचारलं न्हाई."

"चुकलं माझं, बाई."

थेंब पडत राहिले. बऱ्याच वेळानं चैतालीनं पाणी मागितलं. सरूबाईनं मानेखाली हात घालून तिला उठवलं, तेव्हा तिच्या तळव्याला लेकीच्या मानेचा घाम लागला. पाणी पिऊन झाल्यावरही चैतालीनं डोकं लगेच उशीवर टाकलं नाही. क्षणभर ते आईच्या हातावरच राहिलं. मग ती कुशीवर वळली.

दोन पिशव्या चढल्या. चौथ्या दिवशी सोडलं. सरूबाई अर्ध्या दिवसाची रजा काढून बसस्टँडवर गेली. धारूरची गाडी लागली होती. तिनं खिडकीतून लाडवांचा डबा आत दिला. चैतालीनं तो मांडीवर घेतला.

"बाळंतपणाला घेऊन येऊ का तुला?" सरूबाईनं विचारलं. "तुझे बाबा येतील घ्यायला."

"न्हाई, माय. तिकडंच करते."

"बरं."

"नंबर ठेव माझा," चैताली म्हणाली. "तुझ्या मोबाईलात."

सरूबाईनं तो तिथंच, कंडक्टर घंटी मारत असताना, आकडा आकडा विचारून लिहून घेतला. चैतालीनं सावकाश सांगितला.

त्या संध्याकाळी तिनं जालिंदरला सगळं सांगितलं. ऑगस्टापासूनचं. तिला वाटलं होतं तो चिडेल. तो ऐकत राहिला, मग उठून मोरीत गेला आणि तोंड धुऊन बराच वेळ बाहेर आलाच नाही. आला तेव्हा म्हणाला, "मला एकदा बगून येऊ दे."

"तिनं बोलावू दे," सरूबाई म्हणाली.

डिसेंबर सरत आला. रविवारी फोन करायचा असं सरूबाईनं स्वतःला घालून घेतलं होतं. रोज लावला तर लेक पुन्हा मिटेल ही धास्ती. चैताली कधी दोन मिनिटं बोलायची, कधी नुसतं "बरी हाय" म्हणायची. रक्त नऊवर गेलं होतं. गोळ्या घेत होती. लाडू संपले का, हे सरूबाईनं विचारलं नाही आणि चैतालीनं सांगितलं नाही.

एका मंगळवारी, दुपारी, धारूरकडचा डबा उघडलेला असतानाच तिचा मोबाईल वाजला. हातमोजे काढायला वेळ लागला. फोन चैतालीचाच होता.

"मुलगी झाली, माय. सकाळी. अडीच किलो. दोघी बी बऱ्या हावोत."

"बाई गं," सरूबाई म्हणाली. "संजयरावाला कळलं का?"

"कळलं. यायलाय तो." मागं बारीक रडं सुरू झालं आणि बघता बघता मोठं झालं. "थांब, ऐक," चैताली म्हणाली, आणि फोन बाळाच्या तोंडाशी धरला.

सरूबाई उघड्या डब्यापाशी फोन कानाला घट्ट लावून उभी राहिली. आतून अभिमन्यू सर दारापर्यंत आले आणि तिला बघून तसेच मागं फिरले.

"येऊ का बगायला?" रडं थांबल्यावर तिनं विचारलं. "नुसती बगून परत येते. थांबत न्हाई."

"लगेच नको," चैताली म्हणाली. "मी सांगते."

"बरं. तू सांग."

डब्यात अजून अकरा ट्यूबा होत्या. सरूबाईनं नवे हातमोजे घातले आणि एकेक नाव वाचत, जुळवत त्या सगळ्या लावल्या. धारूर, तेवीस वर्षं, तिसरा महिना. आडस, एकोणीस वर्षं, सातवा महिना. एकोणीस ह्या आकड्यापाशी ती थोडी थांबली, मग तिनं पट्टी चिकटवली.

घरी गेली तेव्हा जालिंदर ड्युटीवर निघण्याच्या तयारीत होता. तिनं दारातूनच सांगितलं. तो मटकन खाली बसला, हातातली काठी तशीच धरून.

"कुनावर गेलीय?" त्यानं विचारलं. "चैतीवर का संजयवर?"

"मी कुठं बगितलीय," सरूबाई म्हणाली. "आवाज लई मोठा हाय. तेवढंच कळलं."

"कसा? मोठा म्हंजी कसा?"

ती त्याच्याशेजारी बसली आणि त्याला सांगू लागली.